तळटिपांसकट पारायण

५ नोव्हें. २०००, रवि. द्वारका, दिल्ली

सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आपलं पुस्तकांचं कपाट उघडलं. पाण्याचा टँकर आल्यामुळे अर्धे वाचक बादल्या घेऊन खाली. माझा नियम जुनाच: भाविकाला इतिहास द्यायचा, इतिहासवाल्याला दंतकथा. सौ. याला खोडी म्हणते. मी समतोल म्हणतो.

खालच्या मजल्यावरच्या साठेवहिनींनी त्यांच्या गावच्या महाराजांवर ‘काहीतरी चांगलं’ मागितलं. निळं दिलं, एका प्राध्यापकांचं संशोधन. हातात तोलून म्हणाल्या, "जाड आहे. बरं झालं." का बरं झालं, ते विचारलं नाही. साठ्यांची बायपास सोळाला आहे. वेळ जायला हवं असेल.

मुनिरक्याहून रेश्मा शेख आली. लातूरची, सिव्हिल सर्व्हिसेसच्या तयारीत, विषय इतिहास. तिलाही नेमकं निळंच हवं. पुढच्या रविवारी देतो म्हटलं. तोवर पिरांच्या आख्यायिका नेल्या, नाक मुरडून.

९ नोव्हें., गुरु.

सकाळी खालून एकसुरी आवाज. रेडिओ वाटला. सौ. म्हणाली, साठेवहिनी सप्ताहाला बसल्यात, साठ्यांच्या ऑपरेशनसाठी. बुधवारी समाप्ती. कुठली पोथी, ते तिला माहीत नाही. थंडी वाढतेय.

११ नोव्हें., शनि.

साठ्यांना बघायला गेलो. चौरंगावर पोथी, लाल कापडात. कापडाच्या कडेतून निळं कव्हर. ठसठशीत कुंकू, थेट प्राध्यापकांच्या नावावर!

वहिनी वाचत होत्या: "पृष्ठ एकशे बारा, तळटीप तीन, ‘पाहा, उपरोक्त.’" आणि हात जोडले. साठे दिवाणावर डोळे मिटून ऐकत होते.

"टिपासुद्धा?" मी नंतर विचारलं.

"अहो भाऊजी, काही सोडायचं नसतं. सोडलं तर पारायण लागू होत नाही."

वर आलो. चहा गोड लागेना. शेवटचं प्रकरण मला पाठ आहे. महाराजांनी गावच्या मेलेल्या पाटलाला उठवलं, ही कथा पुढे कुणा कीर्तनकाराने रचली. ‘समकालीन पुरावा उपलब्ध नाही.’ आणि हे वहिनी वाचणार बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

सौ.ला सांगितलं. "आली ना खोडी अंगाशी," म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

१२ नोव्हें., रवि.

रेश्मा आली. सगळं सांगितलं. परीक्षेचं निमित्त करून पुस्तक परत मागू का, म्हटलं.

"नको ना काका. सुरू केलेलं वाचन मधेच थांबवतात का कधी? माझी दादी तर कुणाला बोलूही द्यायची नाही. मी करते मॅनेज, नोट्स आहेत." मग, "पण काका, तुम्ही दिलंतच का ते त्यांना?"

मी नोंदवही उघडली. आख्यायिका मात्र आवडल्या म्हणाली. दुसरा भाग मागून नेला.

१३ नोव्हें., सोम.

साधी पोथी काखेत मारून गेलो, बदलून द्यावी म्हणून. वहिनी दारातूनच, "सोवळ्यात आहे, नंतर बोलू." साठे बाल्कनीत उन्हाला बसले होते. शेवटी त्यांनाच सांगितलं.

"माहीत आहे मला. दुपारी ती पडली की मी पुढचं वाचून ठेवतो. पाटील काही उठला नाही."

"मग?"

"मग काय. वाचू दे तिला. आवाज ऐकला की बरं वाटतं." मग समोरच्या अर्धवट टॉवरकडे बघत, "भीती वाटतेय हो."

इतक्या वर्षांत हा माणूस असं काही बोललेला आठवत नाही. मी टॉवर कधी पुरा होणार यावर बोलत राहिलो. लाज वाटली.

१५ नोव्हें., बुध.

समाप्ती. आम्ही दोघंही खाली. शेवटचं प्रकरण. मी मान खाली घालून सतरंजीचे दोरे मोजत होतो. ‘समकालीन पुरावा उपलब्ध नाही’, हेही त्याच चालीत, त्याच आवाजात. आरती, शिरा.

प्रसाद हातावर ठेवताना वहिनी हळूच, "भाऊजी, उपलब्ध नाही म्हणजे सापडलेला नाही, असंच ना?"

लोकांना पुस्तकं सुचवत आलो, अडलेलं समजावत आलो. आज एवढंच म्हणालो, "हो, असंच."

"मग ठीक आहे."

पुस्तक मला परत दिलं, रेश्मासाठी; ती थांबलीय, हे सौ.कडून कळलं होतं. कुंकू पुसू नका म्हणाल्या.

१६ नोव्हें., गुरु. हॉस्पिटल

पहाटे धुकं. टॅक्सीने आलो. साठ्यांना आत नेलं. जाताना त्यांनी माझा हात दाबला, वहिनींकडे बघितलं नाही. पुस्तक माझ्या पिशवीत. परतताना मुनिरक्याला द्यायचं ठरलंय.

बराच वेळ गेला. वहिनी एकदम ताठ. "भाऊजी, ते पुस्तक आहे का जवळ? मागे ती नावांची यादी होती ना? मला वाटलं जाहिरात आहे. ती राहिली."

"ती सूची. ती नाही वाचत कुणी."

"काही सोडायचं नसतं."

बाकावरच सुरू केलं. नाव, पृष्ठांक, नाव, पृष्ठांक. गार्ड आला, "आंटीजी, यहाँ आवाज़..." कुंकू बघितलं, "पाठ है? अच्छा, कर लीजिए," म्हणून चपला काढून उभा राहिला.

हे लिहितोय शेजारी बसून. ऑपरेशन थिएटरचं दार अजून बंद, तिकडे बघवत नाही. वहिनी ‘म’ संपवून ‘र’वर आल्यात; सूची आधी संपायला नको. ‘जरा हळू वाचा’ असं म्हणालो, आणि त्या खरंच हळू वाचायला लागल्या. ‘स’ची बरीच पानं आहेत.