बटनावरची पट्टी

सचिनचे बाबा,

तुम्ही जिवंत असते तं मी आज तुमच्याशी बोलली नसती. ताट वाढून समोर ठेवलं असतं अन् तोंड फिरवून बसली असती. पण आता तुमच्याशी अबोला धरून काय फायदा? त्यात तं तुम्हीच माझ्या पुढे गेले! म्हणून लिहून राह्यली. शुद्ध लिहिणार होती, अंगणवाडीच्या अहवालासारखं. पण राग आला की माणसाच्या तोंडात घरचीच बोली येते.

आज सकाळी भंगारवाला दारात उभा होता, तुमचे दोन डबे न्यायले. तेच, तुमचे लाडके लाकडी स्पीकर. आपल्या सचिननंच बोलावलं होतं त्याले. मी त्याले वापस पाठवलं. काऊन पाठवलं, ते सांगाले हे पत्र.

सुरुवातीपासून ऐका. ऐका म्हणते मी! बघा, अजून आदत जात नाई.

तुमचं पुण्यानुमोदन झालं अन् सचिननं जुना टीव्ही काढून भिंतीवर नवा लावला. हा एवढा मोठा, अन् जाडी पापडाएवढी. चित्र असं की वाघाच्या मिशा मोजून घ्या. पण आवाज? मायबाई! आवाज त्याच्या पाठीतून निघते अन् भिंतीवर आपटून येते. हिरोईन रडली की पेटी-तबला घरभर, अन् ती काय बोलून रडली ते तिलेच मालूम. आवाज वाढवला तं गाणे बोंबलते, बोलणं मात्र तसंच तोंडातल्या तोंडात.

मी सचिनले नागपूरले फोन लावला. म्हटलं, बाबू, या टीव्हीचं बोलणं काही समजत नाई. तं तो काय म्हणते?

"आई, टीव्ही एकदम चांगला आहे. तुझे कान गेले. बाबा म्हणतच होते ना."

बाबा म्हणतच होते ना! तुम्ही गेले, पण तुमचा शब्द घरात राह्यला. त्यानं शनिवारचा चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. माझ्या कानात मशीन बसवणार. टीव्हीच्या खाली साउंडबार म्हणून एक लांब दांडी बसवणार. अन् तुमचे डबे भंगारात, कारण त्यातला उजवा तं मेलेलाच आहे म्हणे. एका फोनमध्ये तिघांचा निकाल!

आता तुम्हीच सांगा, मी बहिरी आहे हे पसरवलं कोणं? रविवारी पिक्चर लागला की तुम्ही दोन डब्यांच्या बरोबर मधात खुर्ची टाकून, राजासारखे. मी उजव्या अंगाले, सैपाकघराच्या दाराशी, लसूण सोलत. "काय म्हणला तो?" असं मी विचारलं की तुम्ही म्हणाचे, "तुले ऐकू नाई येत काय वो?" मी म्हणाची, माझ्याकडचा डबा मले मुकाच वाटते. तुम्ही म्हणाचे, "डबा बरोबर आहे, तुझे कान तपास." अन् धूळ पुसाले गेली की वरून ताकीद, "बटनाले हात नको लावू."

अन् चौदा एप्रिलले, जयंतीच्या सकाळी? तुमचे गाणे गल्लीच्या टोकापर्यंत! "अहो, आवाज कमी करा," हे आपल्या साऱ्या संसारात मी सगळ्यात जास्त बोललेलं वाक्य आहे. तेव्हा बरं माझे कान चांगले असाचे!

बरं, घरात म्हटलं तं म्हटलं. चामोर्शीले माझ्या बहिणीच्या पोरीच्या लग्नात तुम्ही अख्ख्या मांडवाले सांगतलं, "हिच्याशी जरा मोठ्यानं बोला." झालं! नवरदेवाची आत्या येऊन माझ्या कानात कोकलली, "जेवल्या काय बाई?" सारी पंगत वळून पाहू लागली. मी, जिले अंगणवाडीत कोण्या लेकराच्या पोटात गुरगुरते ते दुरून समजत होतं! बल्लारपूरच्या टेशनावर कोणती गाडी कोण्या फलाटावर येऊन राह्यली ते मी घरात भाकर थापता थापता सांगते! मी बहिरी?

मशीन तं मले कानात घालून घ्याची नव्हती. मनात आलं, जुन्या टीव्हीले तुम्ही हे डबे जोडले होते, मंग नव्याले काऊन नाई जोडता येत? टीव्हीच्या पाठीचा फोटो काढला, डब्यांले आवाज पुरवणाऱ्या तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीचा काढला, अन् बस्तीतल्या दुकानात नेऊन दाखवला. म्हटलं, या भोकातून त्या भोकात जाणारी वायर द्या.

डबे सचिननं आलमारीवर चढवून ठेवले होते, तोंड भिंतीकडे करून, शिक्षा केल्यासारखे. खाली उतरवता उतरवता कंबर गेली माझी. टीव्हीच्या दोन्ही बाजूंले दोन स्टूल मांडले, बसल्यावर डबे कानाच्या उंचीवर येतीन असे. भिंतीपासून जरा पुढे, तोंड थोडं खुर्चीकडे वळवलेलं. तुम्ही ठेवत होते तसंच. लाल वायर लालात, काळी काळ्यात. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला, नाईतर दोन ठिकाणाहून बोलते अन् विहिरीत बोलल्यासारखं वाटते. अन् केलं सुरू.

डावा डबा बोलला, खणखणीत! उजवा गप्प.

मले वाटलं, सचिन म्हणते ते खरंच, मेला हा. पण मी काही सहज हार मानणारी नाई, तुम्हाले मालूम आहे. सारं बंद केलं, डाव्याची वायर उजव्याले लावली, उजव्याची डाव्याले. आता उजवा बोलला अन् डावा गप्प! म्हणजे डबा जिता आहे. दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. चष्मा लावला, वाकून पाह्यलं.

डाव्या-उजव्या डब्यात आवाज वाटणाऱ्या बॅलन्सच्या बटनावर चिकटपट्टी. दवाखान्यातली पांढरी, जखमेवर लावते ती, धुळीनं काळी पडलेली. बटन पार डावीकडे फिरवलेलं, अन् कोणाचा हात लागून हलू नये म्हणून वरून चिकटवलेलं. आवाज सगळा डाव्या डब्यात, उजव्यात नावापुरता. अन् मी बसत होती कुठी? उजवीकडे!

नखानं पट्टी खरडून काढली. वायरी होत्या तशा लावल्या, बटन मधात आणलं अन् तुमच्या खुर्चीत बसली. काय सांगू! डबे दोन बाजूंले, पण बाई बोलली ती बरोबर मधातून, जिथं डबाच नाई तिथून, थेट तिच्या तोंडातून. सासूच्या मागं कुजबुजली तेही मले समजलं. अर्धा पिक्चर पाह्यला अन् रागानं उठलीच मी. एवढे वर्ष माझ्या बाजूचा आवाज बंद ठेवला, अन् वरून बहिरी मलेच म्हणलं? हा कोण्या जन्माचा सूड म्हणाचा?

तुम्ही सापडणार नव्हते, म्हणून देवाजीभाऊले फोन लावला. खाणीत पाणी उपसाचे पंप चालवणारे खलाशी तुम्ही दोघं, सारी नोकरी संगं, तं त्याईलेच विचारलं.

"वहिनी, तुम्हाले मालूम नाई?" ते म्हणाले. "त्याचा डावा कान तं कवाचाच गेला होता. पंप डाव्या अंगाले असे ना त्याच्या, दिवसभर कानात धडधड. डावीकडचा आवाज वाढवला तवाच त्याले दोन्हीकडून सारखं वाटे."

"अन् खाणीतली तपासणी? ते तं दरवेळी पास होत होते!"

देवाजीभाऊ हसले. हसले हो! "कान तपासाले डॉक्टर मागून बोलला की मी समोरून मुंडी हलवाचो. पंपावरून काढून वर हाजिरी लिवाले बसवतीन, हेच भेव त्याले. मले शपथ घातली होती, सुनंदाले सांगशीन नको, ती मले डॉक्टरकडे ओढत नेईन."

नेलंच असतं! मानेले धरून नेलं असतं! अख्ख्या शिफ्टले मालूम अन् घरच्या बायकोले नाई! बरं, नोकरी होती तोपर्यंतचं समजलं. रिटायर झाल्यावर? तेव्हा कोणता डॉक्टर मागून बोलणार होता? एक खोटं निस्तरता येईना, म्हणून तुमचा कान माझ्या डोक्याले लावून टाकला?

आता एकेक आठवून राह्यलं. रस्त्यानं चालताना तुम्ही नालीच्या बाजूनं अन् मी गाड्यांच्या. मी म्हणाची, लोकं बायकोले आत घेते, हा माणूस मले ट्रकखाली देते! तुम्हाले मी उजवीकडे पाहिजे होती, एवढंच. अन् भांडण झालं की तुम्ही उजव्या कुशीवर झोपाचे. मी बडबड बडबड बडबडाची, तुम्ही गाढ. मी साऱ्यांले सांगाची, लय शांत स्वभावाचा नवरा मिळाला. शांत काय, चांगला कान उशीत घालून ठेवत होते!

शनिवारी सचिन आला, मले डॉक्टरकडे न्यायले. मी म्हटलं, आधी या खुर्चीत बस. पिक्चर लावला. तो उठून दोन्ही डब्यांले कान लावून आला. मंग म्हणे, "आई, हे आपलेच डबे?" आपलेच. "पण उजवा तं..." मी ती काळी पट्टी त्याच्या हातावर ठेवली अन् देवाजीभाऊचं सारं सांगतलं. पोरगं पट्टीकडेच पाहत राह्यलं. डॉक्टरचा नंबर त्यानंच रद्द केला, साउंडबारही. भंगारवाल्याले सांगाचं तेवढं विसरला, म्हणून तो आज आला.

त्याले वापस पाठवलं. डबे राह्यले, माझे कान राह्यले, मी जिंकली. खुशीत चहा घेऊन तुमच्या खुर्चीत बसली. अन् दवाखाना आठवला.

शेवटचा दिवस. सलाईनचा स्टँड तुमच्या उजव्या हाताशी होता, म्हणून नर्सबाईनं माझं स्टूल डावीकडे लावलं. दुपारची वेळ, वॉर्डात भरपूर माणसं. मले लाज वाटे, म्हणून वाकून तुमच्या कानात बोलली, हळूच. कधी बोलली नव्हती असं बोलली. तुम्ही माझ्याकडे पाह्यलं, हसले, अन् म्हणाले, "नाई, पाणी नको."

मले वाटलं, औषधाची गुंगी आहे.

डावा कान होता तो! तुमचा मेलेला कान! एकदा, फक्त एकदा म्हणाले असते ना, "सुनंदा, इकडून बोल," तं मी तो सलाईनचा स्टँड सरकवला असता, नर्सबाईशी भांडली असती, अन् पलीकडे येऊन बोलली असती. याचा राग आहे मले. डब्याचा नाई, मांडवात बहिरी केलं त्याचाही नाई. माझं शेवटचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाई तुम्ही, याचा आहे!

काय बोलली होती ते इथी लिहून देते. कागदाले डावी-उजवी बाजू नसते. मी म्हणली होती, "घरी चला. तुमचे गाणे जेवढ्या मोठ्यानं लावाचे तेवढ्या मोठ्यानं लावा. आवाज कमी करा असं मी आता कधी म्हणणार नाई."

समजलं आता? पाण्याचं नव्हती विचारत मी!

आता वचन देते. एरवी बटन मधातच राहीन, मी तुमच्या खुर्चीत बसीन, अन् लसूणही तिथंच सोलीन. पण जयंतीच्या सकाळी बटन पार डावीकडे फिरवीन, तुमच्यासाठी, अन् तुमचे गाणे गल्लीच्या टोकापर्यंत लावीन. शेजारपाजारचे दारात येऊन म्हणतीन, "बाई, आवाज कमी करा." मी म्हणीन, मोठ्यानं बोला, मले ऐकू येत नाई.

तुमची,
दोन्ही कान शाबूत असलेली
सुनंदा