आठव्या आठवड्यातला पडदा

सोमशेखर सरांना,

तुमचे विद्यार्थी म्हणतात तसं मीही सरच म्हणते. 'अहो' म्हणायला आता जीभ वळत नाही.

आपल्या शाल्मलाच्या हृदयात छिद्र निघालं, त्या दिवशी अक्कलकोटला तुमच्या आई मला म्हणाल्या, "सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तरी विळी हातात घेतलीस की! पोरीचं काळीज तूच चिरलंस."

मी तुमच्याकडे पाहिलं. कॉलेजात तुम्ही गर्भाची वाढ शिकवता. हृदयातला पडदा आठव्या आठवड्याच्या सुमारास पुरा होतो, हे मला आकृती काढून तुम्हीच समजावलं होतं. आठव्या आठवड्यात तर मला दिवस गेल्याचंही नीट कळलं नव्हतं. एवढं एकच वाक्य आईंना सांगायचं होतं. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करत राहिलात.

ऑपरेशनच्या कागदावर मी एकटीने सही केली. पोर जगली. आता जुळे सोलापूर भागात आम्ही दोघी राहतो, तिथले तीन जिने धावत चढते.

काल तुमचा फोन आला. "आई थकल्यात गं, झालं ते विसर की."

आईंवर माझा राग नाही. त्यांना ठाऊक नव्हतं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला ठाऊक नाही असं यात काहीच नाही.

शाल्मलाची आई,
सिद्धेश्वरी