एक बोट मागे

औली,
१९ जानेवारी २००४

तीर्थरूप दादास,
दिशाचा वाकून नमस्कार.

मी इथे बरी आहे. आईचे गुडघे, गुलाबावरची कीड, शेवंतीचा भाव, सगळी खबर वहिनी फोनवर देते. तू तेवढा फोनवर येत नाहीस. मळ्यात असतोस म्हणे. रात्री जेवायच्या वेळीसुद्धा? असो. पत्र तर पोस्टमन हातातच देतो, ते तुला घ्यावंच लागेल.

आज सकाळी दार उघडलं तर समोर नंदादेवी. रोजच असते, पण मी रोज तशीच खांबासारखी उभी राहते आणि चहा गार होतो. आपण रामशेज किल्ल्यावर चढून आलो की गावभर बढाया मारायचो ना? इथे मान मागे टाकली तरी शिखर संपत नाही. पहिल्या वर्षी मला हे पाहून रडू आलं होतं. कशासाठी रडले ते अजून सांगता येत नाही.

आता कामाचं. एक ऑस्ट्रियन पाहुणी आली आणि पहिल्याच दिवशी मनगट मोडून परत गेली. जाताना आपली नवी कोरी स्कीची जोडी मला देऊन गेली. तिच्यावर अजून एक भोकही पाडलेलं नाही. बूट धरून ठेवणारा खटका, ज्याला बाइंडिंग म्हणतात, तोही सुटाच आहे. तो स्कीवर नेमका कुठे बसवायचा यावरून माझी झोप उडाली आहे.

हसू नकोस. या बाइंडिंगमध्ये चढताना फक्त बुटाचं टोक अडकतं आणि टाच मोकळी राहते. उतरताना टाचही बंद करायची. बाइंडिंग थोडं पुढे बसवलं तर पाय उचलला की स्कीचं शेपूट खाली लोंबतं, टोक आपोआप वर येतं आणि चढावर वळणं सोपं जातं. मागे बसवलं तर चढताना टोक सारखं खाली पडतं, पण म्हणे खोल बर्फात उतरताना तेच टोक वर तरंगतं. कंपनीने मधे एक रेघ मारून दिली आहे. इथले जुने शिक्षक नेगीजी म्हणतात, "लाइन पे लगाओ और सो जाओ." पण मी वजनाने हलकी, पाऊल छोटं. रेघ मारणाऱ्याने मला कुठे पाहिलं होतं?

आणि भोक एकदाच पाडता येतं. चुकून शेजारी दुसरं पाडलं तर स्की तिथेच मोडते.

फेब्रुवारीत आमची तुकडी वरच्या बुग्यालांकडे जाणार आहे. बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरची कुरणं, आत्ता सगळी बर्फाखाली. शेवटच्या माणसाला सांभाळून आणायचं काम माझ्याकडे आहे. ते जमलं तर इथल्या स्की-शाळेचे साहेब मला शिक्षक म्हणून कायम ठेवून घेतील. नाही जमलं तर होळीपर्यंत मी घरी.

तू अण्णांच्या मागे बसून बैलगाडी भरायला शिकलास. टोमॅटोचे क्रेट नेहमी पुढे सरकवायचास. का ते सांग. मला उपयोग होईल.

सटाण्याच्या पाहुण्यांचं वहिनी काहीतरी बोलत होती. लाईन खराब होती, नीट ऐकू आलं नाही.

तुझी,
दिशा



मखमलाबाद,
३० जानेवारी

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोटारीला लाईट रात्रीचीच असते, म्हणून मी रात्री मळ्यात असतो. तुला विसर पडला असेल, तिकडे पाणी आभाळातूनच घट्ट होऊन पडतं.

गाडीचं विचारलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो. वजन मागे गेलं की गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, बैलाचा गळा आवळतो, आणि चढावर तर गाडी सरळ मागे बसते. अण्णांनी एकदा कोबी भरताना घाई केली आणि पंचवटीच्या चढाला सगळा कोबी रस्त्यावर. पोरं पायाने खेळत होती. तेव्हापासून मी पुढच्या अंगाला थोडं जास्तच ठेवतो. बैलाच्या मानेवर जरा भार असला की गाडी ताब्यात राहते. तू तुझा खटका त्या रेघेच्या दोन बोटं पुढे बसव. डोळे झाकून बसव.

लाईन खराब नव्हती. तुला ऐकायचं नव्हतं. सटाण्याची मंडळी येऊन गेली. मुलाची कांद्याची आडत आहे, घर चांगलं आहे, मुलगा शांत वाटला. त्याच्या वडिलांनी विचारलं, "पोर तठे बर्फमा काय करस?" मला सांगता येईना. शाळेत खेळाच्या बाई आहे असं सांगून टाकलं. आई आतून म्हणाली, "बाई कशाची, घसरतीय ती नुसती." सगळे हसले. त्यांना होळीनंतरची तारीख हवी आहे. तू येतेस असा मी शब्द दिला आहे.

जपून राहा. स्वेटर पाठवतो.

तुझा,
दादा



औली,
२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

स्वेटर मिळाला. बाह्या लांब आहेत, तेच बरं, बोटं आत जातात.

तुझं ऐकलं. आधी हे सांगते, नाहीतर म्हणशील विचारलंच कशाला. इथे भाड्याने द्यायच्या स्कींची एक जोडी आहे, तिच्यावरचं बाइंडिंग पट्टीवर मागेपुढे सरकतं. ते दोन बोटं पुढे घेतलं आणि ताज्या बर्फात उतरले. दादा, कड्यावरून घोरपड पडावी तशी पडले. स्कीची टोकं बर्फात घुसली, पाठोपाठ मी, डोक्याकडून. नेगीजींनी पायाला धरून बाहेर ओढलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "किसने बताया था?" "बड़े भाई ने." "वो क्या करते हैं?" "फूल उगाते हैं." मग तर ते खालीच बसले.

तुझ्या गाडीपुढे बैल असतात, त्यांच्या मानेवर भार देता येतो. माझ्यापुढे कोणीच नसतं, नुसता बर्फ. त्याच्यावर भार दिला की तो पोटात घेतो. मी गाडी भरणाऱ्यांच्या घरातली, म्हणून मलाही पुढेच बरोबर वाटत होतं. पडले नसते तर तसंच बसवलं असतं.

मग तीच पट्टी रेघेवर आणून पाहिली, मग मागे. शेवटी माझ्या स्कीवर रेघेच्या एक बोट मागे खूण केली. नेगीजी म्हणाले, खालच्या, बर्फ दाबून घट्ट केलेल्या उतारावर वळायला जड जाईल, चढताना टोक त्रास देईल, विचार कर. केला. ड्रिल त्यांनी पुढे केलं, मी माझ्या हातात घेतलं. पहिलं भोक मीच पाडलं.

आणि त्रास झालाच. वर जाताना प्रत्येक वळणाला टोक खाली. उचल, आपट, उचल. मांड्या पेटल्या होत्या. तुकडीतली सगळ्यात शेवटची फुलाबाई नावाची नागपूरची डॉक्टर होती, पन्नाशीची. मध्येच बसून राहिली, "मला इथेच सोडा" म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले, तिला स्वेटरबरोबर आलेले वहिनीचे लाडू दिले आणि आपल्या कोबीची गोष्ट सांगितली. ती उठली.

वर पोचलो. दादा, मला लिहिता येतं तेवढं लिहिते. झाड नाही, दगड नाही, पाखरू नाही. चहूकडे पांढरं, आणि त्यावर निळी सावली हळूहळू सरकत होती. नंदादेवी इतकी जवळ की आवाज दिला तर वळून बघेल असं वाटलं. माझ्या छातीत धडधडत होतं आणि तरीही आत इतकं शांत होतं. मी हातमोजे काढून नमस्कार केला. देवळात करते तेव्हा काहीतरी मागते. इथे मागायचं सुचलंच नाही.

मग उतरलो. बर्फ मांडीपर्यंत होता. मी टाच बंद केली, अंग सोडलं, आणि टोकं वर आली. मी काहीच केलं नाही, दादा, आपोआप आली. बर्फ दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत उडत होता आणि पायाखाली आवाजच नव्हता. मी वजन म्हणून उरलेच नव्हते. मोठ्याने ओरडले. फुलाबाई पुढून ओरडली. शेवटचं माणूस सुखरूप खाली आलं, आणि त्याच्या मागे मी.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "रुकोगी?" मी हो म्हणाले. घरी विचारते असं म्हणाले नाही.

लाईन खराब नव्हती, खरं आहे तुझं. तू शब्द दिला आहेस आणि तो मोडून सांगायला तुला किती जड जाईल हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्यावर ती वेळ आणली नाही. सटाण्याला मी स्वतः लिहिलं, कालच टाकलं. तुमचा मुलगा चांगला आहे, मी खेळाच्या बाई नाही, डोंगरावर माणसं नेते आणि परत आणते, आणि मी हे लग्न करणार नाही. तुला कुठे कमीपणा येऊ दिला नाही.

तू चिडशील. चीड. फोनवर आलास तर शिव्याही ऐकून घेईन, त्यानिमित्ताने आवाज तरी ऐकू येईल. तीन वर्षं मला वाटायचं, तू हो म्हणालास की मग मी इथे राहीन. तुझ्या ‘हो’ची वाट बघत मी इथे राहतच होते, हे काल कळलं.

आईला तू सांग. मी घसरत नाही म्हणावं.

इथे राहणारी तुझी बहीण,
दिशा