ढिगात हात घालणार कोण?

गोरेगाव, मंगळवार, संध्याकाळ

उद्या आमच्या शेतकऱ्यांच्या हळद कंपनीच्या सभेत मला ठरावाविरुद्ध बोलायचं आहे. कंपनी मोठी झाली, म्हणून तिची माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या यंत्रांवर, ठेवायची म्हणतात. भाषण तयार आहे: ‘आपलं घर, आपलीच किल्ली!’ टाळ्या ठरलेल्याच.

पुण्यात क्लाउडचंच काम करणाऱ्या भाचीला ते वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली.

“मावशी, काहून भडकून राहिली? नाजूक माहिती आपल्याच ऑफिसात राहणार. बाकीची दोघांकडं. एक बंद पडला तर दुसरा हाय. आजी हळदीचं बेणं एकाच ढिगात ठेवायची का?”

खरंच, आई पुढच्या लागवडीचं निम्मं बेणं आमच्या आंब्याखाली ठेवायची आणि निम्मं बाळापूरला मामाकडे. एका साली आमचा ढीग सडला, तेव्हा मामाकडच्या बेण्यावरच लागवड झाली. मग माझं भाषण आईच्याच विरुद्ध?

पण आई दर पंधरा दिवसांनी बाळापूरला जाऊन ढिगावरचा पाला बाजूला सारायची आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. आत ऊब लागते का, म्हणजे सडायला लागलंय का, ते बघायला. सख्ख्या भावाचं शेत, तरी!

भाचीला विचारलं, “तुमी ठेवलेलं कधी सगळं परत आणून बघितलं का?”

“सगळं? न्हाई बा.”

म्हणजे ठेवायच्या जागा दोन, हात मात्र एकाचाही नाही. किल्लीचं वाक्य खोडलं. उद्या विरोध करणार नाही. ढिगात हात कोण घालणार, ते नाव ठरावात लिहून मागणार. टाळ्या बहुधा पडणार नाहीत.