खाडाखोडीवर सही

सोमवार, ४ जून
आज नव्या क्वार्टरमध्ये सामान लागलं. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, नळाला भरपूर पाणी. देवाने दिलं ते पुष्कळ. हे पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे सगळी लिखापढी ह्यांच्याकडे, आणि नेमका उजवा हात प्लास्टरात! म्हणाले, तुझं अक्षर मोत्यासारखं, पक्क्या प्रती तूच काढ. मॅट्रिक झाल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या जमादारीणबाई म्हणाल्या, चला, आता ठाणं बाई चालवणार!

बुधवार, ६ जून
चोरीची फिर्याद, जागेचा पंचनामा, साक्षीदाराचा जबाब, अपघाताचा अहवाल. प्रत्येकाची चाल वेगळी. पंचनाम्यात ‘बहुधा’ चालत नाही, दिसलं तेवढंच लिहायचं. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सही. नाहीतर कागद बाद. माळ्यावर आधीच्या रायटरची पेटी सापडली, कोऱ्या पिवळ्या फॉर्मांनी भरलेली. सरावाला झकास. नवा कागद कशाला नासायचा?

शुक्रवार, ८ जून
सरावाला खोट्या हकिगती कुठून आणू? घरच्याच लिहिल्या. फिर्याद: पितळी तांब्या चोरीस. अपघात: जमादारीणबाई जिन्यावरून घसरून डावा पाय मोडला (मनात हसले, देव क्षमा करो). बेपत्ता: आमची ठमी, वय सात, निळा फ्रॉक, शाळेतून परतली नाही. खऱ्या कागदांत मिसळू नयेत म्हणून तारखा पुढच्या टाकल्या: ९, ११, १३.

शनिवार, ९
तांब्या नाही. भांडं न् भांडं पालथं घातलं. ठमीला उगीच रागावले.

सोमवार, ११
जमादारीणबाई जिन्यावरून पडल्या. डावा पाय. हे म्हणाले, योगायोग. ठमीचा फॉर्म चुलीत घातला. जळत नाही. कडासुद्धा काळ्या होत नाहीत.

मंगळवार, १२
फाडला. पेटीत पुन्हा अखंड. ह्यांना दाखवला तर हसले. उद्या ठमीला घराबाहेर सोडणार नाही. देवा, तिला सांभाळ.

बुधवार, १३
मी न्हाणीघरात गेले तेवढ्यात हेच तिला शाळेत सोडून आले. म्हणाले, तुझ्या खुळापायी पोरीची शाळा बुडवू का? शाळेकडे धावले. बाई म्हणाल्या, आत्ताच निघाली —
परतली नाही.

गुरुवार, १४
ह्यांनी डाव्या हाताने बेपत्ताचा कागद लिहिला. शब्द न् शब्द माझाच. मी लिहिलं — मीच लिहिलं.

शुक्रवार, १५
पेटीच्या तळाशी एक भरलेला फॉर्म. बेपत्ता: एका मुलाचं नाव. त्यावर एकच रेघ. वर बाईचं नाव. बाजूला तिचीच सही.
जमादारीणबाईंना विचारलं, आधीच्या रायटरची बायको कशी होती? म्हणाल्या, बायको कुठली? एकट्याने मुलगा वाढवला बिचाऱ्याने.
कळलं.

ठमीच्या नावावर रेघ मारली. वर माझं नाव. वय एकतीस. बाजूला सही केली. अक्षर नीट आलं.

दारात निळा फ्रॉक — देवा! हे धावले, तिला उचललं, रडतायत. मी हाक मारली. पुन्हा मारली. कुणी वळत नाही. जमादारीणबाई कुबडीवर आल्या, तिच्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, बिनआईची पोर, देवानेच परत धाडली — बिनआईची? ठमे, अगं मी इथे, खिडकीशी, इकडे बघ, मी तुझी —