डावा गुडघा

४ जाने., चिखली
यादी लागली. जिल्ह्याच्या रग्बीत माझ्या पोरींची पहिलीच मॅच देऊळगाव राजाशी. त्यांची कोच प्र. पूर्ण नाव लिहिणार नाही, वही विटाळेल. चौदा वर्षं झाली. राज्याच्या निवडीच्या आदल्या दिवशी, सराव संपल्याची शिट्टी वाजून गेल्यावर तिने मला आडवं केलं. डावा गुडघा गेला. माझ्या जागी ती खेळली. बघायलासुद्धा आली नाही. आता तिच्या पोरींना मातीत लोळवल्याशिवाय राहणार नाही.

७ जाने.
वेचणी झालेल्या कपाशीत सराव. झाडांच्या दोन ओळींमधून पळायचं, दर तिसऱ्या झाडाला पाय बदलायचा. पोटऱ्या ओरबाडल्या. ओरबाडू देत. नौशीन सगळ्यांत चपळ. उजवीकडे खांदा टाकते नि डावीकडून निसटते. पण कबड्डीची खोड जात नाही. आज सगळ्यांना चकवून रेषेपर्यंत गेली, रेषेला पाय लावला आणि चेंडू घेऊन परत!
"अवं, चेंडू तिथं टेकवाचा असते! परत काऊन आली?"
"सवय हाय मॅडम. गडी मारला का घरी यावं लागते ना."
हसावं की रडावं.

११ जाने.
बालाजीच्या दर्शनाला जाते सांगून देऊळगावला. तोंडाला स्कार्फ बांधून प्र.चा सराव पाहिला. तिची भाची तनू कोणालाच सोडत नाही. पण डाव्या गुडघ्याला पट्टी. त्या पायावर भार आला की कचरते. डावाच! देव आहे म्हणायचं.

१२ जाने.
नौशीनला सांगितलं, "तिच्या डोळ्याकडे नको पाहू, डाव्या गुडघ्याकडे पाह्य. त्या पायावर भार आला का दुसरीकडून निघ."
"दुखते का तिचा?"
"तुले काय करा लागते?"
 म्हटलं नि मलाच जरा लाज वाटली. सराव मात्र तोच, वीस वेळा.

१८ जाने.
मॅच. बरोबरी, शेवटचं मिनिट. नौशीनने खांदा टाकला, तनू वळली आणि कोसळली. मी ओरडले. आनंदाने, खोटं कशाला लिहू. पुढे मैदान मोकळं, रेषा दहा पावलं. आणि नौशीन परत फिरली! चेंडू टाकून तनूजवळ बसली, तिचा पाय सरळ धरून. मी "रेषा! रेषा!" करतेय. तिकडून प्र. स्वतःच्या पोरींना, "उचला, पळा!" भाची खाली पडलेली. त्यांनी उचलला, टेकवला. हरलो.
एसटीत विचारलं, "आजही सवयच का वं?"
"नाही मॅडम. तुम्हीच सांगतलं ना, गुडघ्याकडे पाह्य. मी पाह्यला."
उठले नि चिखली येईपर्यंत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

२१ जाने.
दुपारी प्र.चा फोन. चौदा वर्षांनी. माफी नाही, काही नाही.
"तुझा गुडघा कोणत्या डॉक्टरनं बसवला होता गं? तनूला न्यायचंय."
"पाहून सांगते," म्हणाले नि ठेवला. पाहायचं काय, नंबर पाठ आहे. तेच डॉक्टर मला म्हणाले होते, लवकर आली असतीस तर पुन्हा खेळली असतीस.

२२ जाने.
नौशीनने सरावात दोनदा विचारलं, तनूचं काय झालं. माहीत नाही म्हटलं.
प्र.ने आधी माफी मागावी. मग देईन. एवढं तरी...
नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. परत फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.