वाकडी बाही आणि आमचा तीस वर्षांचा गोंगाट

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या बास गिटार वाजवणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (डोकं तेवढं टेकलं आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे उरलेली अंगं उभ्यानेच नमस्कार करताहेत. मोठ्या मनाने भरून घे.) तुझी कंबर, तुझा नवा चष्मा आणि दुकानाच्या पायरीवर बसून तुझ्या गिऱ्हाइकांना नापसंत करणारं ते तिरळं मांजर, सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे मीही बरा. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे बायको डावीकडे बसली की संसार सुखाचा होतो. कात्रीचं विचारलंस, तिला धार लावून झाली. सविस्तर शेवटी.

तर पत्र लिहायचं कारण असं की आमच्या बँडचा निवडक गाण्यांचा अल्बम निघतो आहे. तुझ्या दुकानामागच्या खोलीत पहिल्यांदा तारा छेडल्या तेव्हापासून कालपरवापर्यंतची सगळी कमाई एका काळ्या खोक्यात. (हेवी मेटलवाल्यांचं खोकं काळंच असतं. पांढरं काढलं तर लोक आम्हाला भजनी मंडळ समजतील.) हे असलं संकलन साधारणपणे माणसं गेल्यावर काढतात, आमचं जिवंतपणी निघतंय यातच सगळं आलं. गाणी निवडायला बसलो तर प्रत्येकाला तीच गाणी थोर वाटली, ज्यांत बाकीचे कमी ऐकू येतात. आमचा गायक डरकाळ्या (दिवसा दातांचा डॉक्टर, पेशंटना जे करायला सांगतो ते संध्याकाळी स्वतः करतो) आणि ढोल बडवणारा ठोक्या यांच्यात तर चार दिवस अबोला होता. पण पहिलं गाणं कोणतं, यावर कुणी ब्र काढला नाही. ते तुझं गाणं.

तुला ती गोष्ट पाठ आहे हे मला माहीत आहे, पण मला सांगायला आवडते, तेव्हा ऐकून घे. भिंतीपलीकडे तू कुणा वकिलाच्या कोटाची बाही कापत होतीस, अलीकडे आम्ही टेपवर आमचं पहिलं गाणं रेकॉर्ड करत होतो, ठोक्याने असा काही घाव घातला की तुझा हात हलला आणि कात्री भलतीकडे गेली. मग दार आपटलं आणि तू आलीस. "अरे मेल्यांनो, बाही वाकडी गेली माझी!" टेप चालूच होती. तो आवाज ऐकून डरकाळ्या इतका घाबरला की त्याने पुढची ओळ आयुष्यात गायली नव्हती अशी गायली, आणि आम्ही तेच ठेवलं. पुढे लोकांना गाणं फारसं आठवेना, तुझी ओळ मात्र तोंडपाठ. आज मैदानात हजारो माणसं, गोंदवलेली, दाढीवाली, काही तर बँकेत मॅनेजर, आम्ही वाजवायला सुरुवात करायच्या आधी एका सुरात बाही वाकडी गेल्याची तक्रार करतात. त्याशिवाय ठोक्या काठी उचलत नाही, हा आमचा शिरस्ता. एका जाणकाराने तर वाकडी बाही म्हणजे समाजाने माणसाला घातलेला न मापलेला अंगरखा, असा लेख लिहिला. आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. वकिलाचं नाव काढलं नाही.

आता दुःखद भाग. कंपनीने जुन्या टेपा साफ करायला एक साउंड इंजिनिअर नेमला. अतिशय टापटिपीचा माणूस, स्वच्छ चष्मासुद्धा पुन्हा पुसतो. त्याने जुनी टेप यंत्रावर चढवली, एकदा वाजवून संगणकात उतरवून घेतली, तेवढ्यात टेपेवरचा सगळा मुलामा झडून गेला. ते ठीक, उतरवलेलं तर होतं. पण त्याने ते लगेच साफ केलं, आणि साफ केलेलंच ठेवलं, मूळ पुसून टाकलं. आम्हाला ऐकवताना अभिमानाने म्हणाला, "सुरुवातीला कुठल्यातरी बाई ओरडत होत्या, त्या काढून टाकल्या." ठोक्या, जो सासऱ्यांच्या अंत्ययात्रेतही रडला नव्हता, बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग चाहत्यांकडून जुन्या कॅसेटी मागवल्या. ढीग आला. प्रत्येक कॅसेट नेमकी त्याच जागी झिजलेली, कारण प्रत्येकाने तुला ऐकायला ती तिथेच मागे-पुढे फिरवलेली. (गाणी मात्र सगळी नव्यासारखी. याचा अर्थ आम्ही काढला नाही.) शेवटी दुसऱ्यांचा आवाज घेऊन पाहिला. डरकाळ्याने बायकी आवाज काढला, तो ऐकून त्याच्याच कुत्र्याने घर सोडलं. नाटकातल्या एका बाई आणल्या, त्यांनी आधी विचारलं की बाही माझी आहे की माझ्या मनाची. ठोक्याच्या बायकोचा संताप अस्सल होता, पण तो बाहीवर टिकेना, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून क्रमाने सुरू झाला. गुरुवारपर्यंत आवाज मिळाला नाही तर हे गाणं अल्बममधून वगळणार, असं कंपनीने कळवलंय. तीस वर्षांचा हिशेब मांडायचा आणि पहिलाच आकडा गाळायचा. आमच्या आयुष्यात आम्ही बरंच काही मोठ्याने केलं, पण खरं असं तेवढंच एक होतं, आणि ते आम्ही केलेलं नव्हतं.

थोरांना नमस्कार सांगावा तर आता तुझ्याहून थोर कुणी उरलं नाही, तेव्हा मांजरालाच सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बास वाजवणारा (तू म्हणतेस तसा, 'ज्याचं ऐकू येत नाही तो')

ता. क. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. एकदाच ओरडायचं आहे. खोक्यावर सगळ्यांच्या वर छापणार आहोत: 'पहिला आवाज: आत्या'.

ता. क. २. ठोक्याची एक शंका रास्त आहे. तू हल्ली गिऱ्हाइकांना आमचं पोस्टर दाखवतेस, 'माझी पोरं' म्हणतेस. असल्या कौतुकाने तो आवाज यायचा नाही. त्यावर उपाय केला आहे.

ता. क. ३. खोक्याचा नमुना कापायला घरात धारेची कात्री नव्हती. तुझी ती मोठी काळी, जिला कापडाशिवाय काही दाखवायचं नाही, ती धार लावून माझ्याकडेच होती. पुठ्ठा होता, आत्या. जाड. मग थोडी तारही कापली. आता घरात ओरडू नकोस, गुरुवारपर्यंत जपून ठेव.